मुक्या सेटचा काटा

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याचं शेवटचं वळण संपतं तिथे, चिऱ्याच्या गडग्याला पाठ टेकून एक पत्र्याची खोली उभी आहे. खोलीवर पाटी नाही. एकदा होती, ती एका वादळात उडाली आणि पुन्हा लावायची गरज कुणालाच वाटली नाही. नावेवरचा वायरलेस बिघडला की खलाशी तो काखोटीला मारतो आणि चढण चढू लागतो. कुठे जायचं ते त्याच्या पायांना ठाऊक असतं. आत, तुटक्या सेटांच्या आणि वायरींच्या गराड्यात आनंदा पावसकर बसलेला असतो. एकतीस वर्षं तो त्याच जागी बसला आहे. खुर्ची तेवढी तीनदा बदलली.

आनंदाचं नाव झालं ते त्याच्या कानामुळे. सेट चालू केला की जी खरखर येते, ती तुम्हाआम्हाला सगळी सारखीच. आनंदा मात्र डोळे मिटून ती ऐकायचा, एखाद्या म्हाताऱ्याने तळहातावर तांदूळ घेऊन जुना की नवा ते सांगावं तसा. ‘एरियलच्या वायरीत पाणी गेलंय,’ तो म्हणायचा, आणि वायर कापली की आतून खरंच हिरवट पाणी ठिबकायचं. एकदा तर गुरुप्रसाद या तांडेलाने, म्हणजे नावेच्या म्होरक्याने, समुद्रावर निघता निघता आपल्या सेटची खरखर मोबाईलवरून त्याला ऐकवली होती. आनंदा तेव्हा जेवत होता. घास न थांबवता म्हणाला, ‘मागचा फ्यूज ढिला झालाय. कागदाची घडी घाल आणि दाब.’ गुरुप्रसादने विडीच्या बंडलाचा कागद फाडून घातला, सेट बोलला, आणि ही गोष्ट पुढची पाच वर्षं बंदरावर सांगितली गेली.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी तो एका ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. नऊ वर्षं इंजिनाच्या डाव्या अंगाला उभा राहिला, म्हणजे इंजिन त्याच्या उजव्या कानाशी. त्या ट्रॉलरवर पहिल्यांदा सेट आला आणि तिसऱ्याच दिवशी मुका झाला. मालक म्हणाला, टाक खाडीत. आनंदाने तो घरी नेला, जाळं कापायच्या सुरीने उघडला, आणि रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसू लागला. कुठली वायर कुठून निघते आणि कुठे जाते ते त्याने बिडाच्या तव्यामागे खडूने काढलं होतं. अकराव्या दिवशी सेट बोलला. त्यानंतर आनंदा समुद्रावर गेला नाही.

पण त्या इंजिनाने आपलं काम उशिरा का होईना केलंच. दोन वर्षांपूर्वी उजवा कान गेला. सकाळी उठला तेव्हा त्या बाजूला कोंबडा आरवत नव्हता, बस्स. मग डाव्या कानात एक आवाज येऊन राहिला. शूंऽऽ असा, बारीक, न थांबणारा, रिकाम्या चॅनलवर सेट ठेवला की येतो तसा. सकाळी डोळे उघडले की तो असायचा, रात्री डोळे मिटले की असायचा. आधी त्याला वाटलं, खोलीत कुठला तरी सेट चालू राहिलाय. त्याने एकेक बटण तपासलं. सगळे बंद होते.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला, काशीला, ते आपसूक कळलं. ती विचारायची, ‘भात घालू का?’ आणि तो म्हणायचा, ‘उद्या देतो म्हणालाय.’ चार-सहा वेळा असं झाल्यावर तिने ताट खाली ठेवलं आणि त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली.

‘स्टँडजवळ कानाचा डॉक्टर बसतो. दाखवून तरी या.’

‘आणि त्याने यंत्र दिलं तर?’

‘तर लावायचं.’

‘कानात यंत्र घालून बसलेला वायरलेसवाला कधी बघितलास गो? उद्यापासून एक सेट चढण चढून वर येणार नाय.’

त्या दिवसापासून काशी त्याच्या डाव्या बाजूनेच चालू लागली.

आनंदाने वाट काढली होती. सेट फक्त कानाने थोडाच तपासतात? सेटच्या तोंडावर काचेमागे एक काटा असतो. कुणी बोलू लागलं, त्याच्या सेटची लाट हवेतून आली, की काटा उठतो. आपण माईकचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि समोरच्या सेटचा काटा उभा राहतो. मीटर आहे, त्यावर बॅटरीचा जोर दिसतो. स्पीकरला एक सेल टेकवून त्याच्या कागदी पडद्यावर बोट ठेवलं तर आत टक् झालेलं बोटाला लागतं. डोळे शाबूत होते, बोटं शाबूत होती. आनंदा ऐकण्याचं काम त्यांच्यावर टाकत गेला आणि दोन वर्षांत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. डोळे मिटायचं मात्र त्याने सोडलं नव्हतं. गिऱ्हाईक समोर असलं की तो सवयीने सेटकडे डावा कान करायचा, डोळे मिटायचा, आणि आतल्या शूंऽऽकडे बघत बसायचा.

मग नारळी पौर्णिमा आली. दोन महिने शाकारून ठेवलेल्या नावा पाण्यात उतरल्या, पताका लागल्या, आणि बाबू तांडेल आपला सेट घेऊन सकाळीच हजर झाला. बाबूची नाव लहान, सात माणसांची. सेटही जुना, सीबी म्हणतात तसला, चाळीस चॅनलचा. या सेटला मागे एक भोक असतं, त्यात भोंग्याची पिन घातली आणि समोरचं बटण फिरवलं की माईकवरचं बोलणं भोंग्यातून बाहेर पडतं. बाबूच्या नावेवरून दरवर्षी समुद्राला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं, घातलं जाई आणि ते भोंग्यातून व्हायचं.

‘औंदा दोन भोंगे जोड,’ बाबू म्हणाला.

‘एकाचा भार पेलतो तो. दोन जड होतील.’

‘अरे, गाऱ्हाणं खाडीपलीकडं भाट्याला ऐकू जायला पाहिजे! गेल्या वर्षी तो गुरुप्रसाद मला म्हणतो, मेव्हण्या, तुझं गाऱ्हाणं देवालापण कमी ऐकू येतं काय?’ बाबू हसला. ‘एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तूच असा भित्रा झालास तर आम्ही कुणाकडं बघायचं?’

त्या एका वाक्यातलं ‘कमी ऐकू येतं’ आनंदाला टोचलं. बाबूच्या मनात काही नव्हतं, पण ज्याचं दुखतं त्याला वारा लागला तरी कळतो. आनंदाने दोन भोंगे जोडले. गाऱ्हाणं भाट्यापर्यंत गेलं. नारळ पाण्यात पडला, सगळ्यांनी हात जोडले, आणि दुपारी एका भोंग्याच्या वायरीवर खारं पाणी उडून ठिणगी पडली, तेव्हा बाबूने पिन उपटून भोंगे खाली ठेवले.

चौथ्या दिवशी बाबू पुन्हा वर आला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला नाव काढायची होती.

‘मुका झालाय,’ त्याने सेट टेबलावर आदळला. ‘दिवा लागतो, चॅनल फिरतो. पण ऐकत नाय आणि बोलत नाय. अगदी माझ्या सासऱ्यासारखा.’

‘कधीपासून?’

‘काल बघितलं. त्याआधी सणात कुणाला शुद्ध होती?’

खोलीत आणखी दोघं बसले होते. एक आपल्या चार्जरसाठी आला होता, दुसरा नुसताच सावलीला. खाली बर्फाच्या कारखान्याचं यंत्र चालू झालं होतं आणि त्याची घरघर पत्र्याला लागून खोलीभर फिरत होती, तिच्यात बारीकसारीक आवाज बुडून जात होते. आनंदाने सेट उघडला. फ्यूज बघितला, चांगला. बॅटरीचा जोर बघितला, पुरेसा. एरियलची पिन मिठाने पांढरी झाली होती, ती घासून लख्ख केली. मग माईकची गुंडाळीदार वायर बोटांतून सरकवत नेली आणि पिनेपासून चार बोटांवर त्याला जागा लागली. आत एक तार तुटली होती. आनंदाला हायसं वाटलं. माईकची तार तुटली की असले सेट दोन्हीकडून मुके होतात, हे त्याने शंभरदा बघितलं होतं. त्याने वायर छाटली, पिनेला नव्याने जोडली, कथिलाचा डाग दिला.

सेट चालू केला. काटा उठला, पडला, पुन्हा उठला. बाहेर नावा आपसांत बोलत होत्या, त्यांचा हा काटा. माईकचं बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि बाजूला ठेवलेल्या त्याच्या स्वतःच्या सेटचा काटा ताठ उभा राहिला. स्पीकरला सेल टेकवला, बोटाला टक् लागलं. आता उरलं होतं फक्त ऐकणं. आनंदाने डावा कान सेटजवळ नेला आणि डोळे मिटले.

शूंऽऽ.

स्वच्छ, सलग, बारीक खरखर. निरोगी सेटची असते तशी.

‘झालं,’ तो म्हणाला.

बाबूने बटण फिरवून बघितलं नाही. आनंदाने झालं म्हटल्यावर कुणीच बघायचं नाही. तसं करणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, आणि ते या बंदरावर कुणी केलं नव्हतं. बाबूने सेट काखेत मारला आणि उतार उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चांगली होती. अकराच्या सुमारास पश्चिमेला आभाळ शिळ्या माशासारखं निळसर काळं झालं. मच्छीमार सोसायटीत संदेश आला की दुपारनंतर वारा वाढणार, नावांनी परत फिरावं. सोसायटीतला कारकून स्वरूप वायरलेसवर बसला आणि एकेका नावेला हाक मारू लागला. नावा उत्तर देत गेल्या, एकेक करून वळल्या. दीडच्या आत बहुतेक सगळ्या खाडीत शिरल्या. गुरुप्रसादचीही आली. बाबूची आली नाही.

आनंदाला यातलं काही माहीत नव्हतं. तो एका पंख्याची गुंडाळी भरत होता. दारात कुणी उभं राहिलं की टेबलावर सावली पडते, तशी पडली, म्हणून त्याने मान वर केली. बाबूची बायको मनिषा उभी होती. मासळीच्या लिलावातून तशीच आली होती, पदर खोचलेला, हात ओले. तिचे ओठ हलत होते. आनंदा उठून तिच्या जवळ गेला, डावी बाजू पुढे करून.

‘...तास झाला ओरडतोय तो स्वरूप! सगळ्यांनी वो दिली, ह्यांची नाय. सेट कालच तुमच्याकडून नेलाय ना? चालत होता ना तो?’

‘चालत होता,’ आनंदा म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याने मान वळवून टेबलावरच्या आपल्या सेटकडे बघितलं.

कारण त्याला एकदम आठवली ती कुई. दोन सेट शेजारी ठेवून एकाचं बटण दाबलं की दुसरा किंचाळतो, डुकराच्या पिल्लागत, कुईंऽऽ. दरवेळी किंचाळतो. त्याचा माईक याचा आवाज घेतो, हा त्याचा घेतो, आणि तो फिरत फिरत वाढत जातो. बसलेली माणसं दचकतात, कानावर हात ठेवतात. काल बटण दाबलं तेव्हा ते दोघं बसले होते. चार्जरवाला समोरच होता. तो दचकला नव्हता. तो आपली नखं बघत होता.

काटा उठत होता, म्हणजे लाट येत होती. दिवा लागत होता, म्हणजे लाट जात होती. पण लाटेवर आवाज चढवणारा आणि आलेल्या लाटेवरून आवाज उतरवणारा आयसी, ती काळी चिप, या सेटमध्ये एकच असतो. भोंग्यालाही जोर तोच पुरवतो. दोन भोंग्यांचा भार आणि वर ती खाऱ्या पाण्याची ठिणगी. तो आयसी नारळी पौर्णिमेलाच जळला होता. माईकची तुटकी तार हा वेगळा, बारका आजार होता, आणि त्याने त्यालाच धरून सेटला बरं म्हटलं होतं.

आणि ती शूंऽऽ? ती आताही येत होती. मनिषाच्या बोलण्यामागे, अगदी तशीच.

आनंदाने पायात चपला घातल्या नाहीत. मनिषाच्या मागोमाग तो उतार उतरला.

सोसायटीच्या खोलीत पंधरा-वीस माणसं होती. वाऱ्याने खिडकीचं दार आपटत होतं, ते कुणीतरी सुतळीने बांधत होतं. स्वरूप घसा बसेपर्यंत हाका मारून थांबला होता आणि आता माईक गुरुप्रसादच्या हातात होता. ‘बाबू, ए बाबू, अरे मेल्या, वो दे!’ मग सगळी गप्प होऊन स्पीकरकडे कान लावायची. आनंदाला त्यांचे ताणलेले चेहरे दिसत होते. ऐकू येत होती ती फक्त त्याची स्वतःची खरखर.

‘मोबाईल?’ कुणी विचारलं.

‘दहा-बारा मैलांच्या पुढं मोबाईल चालतो काय? बाबू अठरा मैलांवर असेल, जास्तीच.’

‘कुठल्या अंगाला?’

गुरुप्रसादने नजर चुकवली. कुठल्या अंगाला ते त्याला माहीत होतं, पण मासळीची ती जागा हे त्याचं आणि बाबूचं गुपित होतं.

‘तो बोलणार नाय,’ आनंदा म्हणाला. आपला आवाज किती मोठा निघाला हे त्याला कळलं नाही, पण सगळे वळले. ‘आणि त्याला ऐकूपण जाणार नाय. सेट मुका हाय. त्याचा आयसी जळलाय.’

‘मग काल दिलास कसा?’ गुरुप्रसाद म्हणाला.

एकतीस वर्षांत कुणी त्याला असा प्रश्न विचारला नव्हता. आनंदाने टेबलाची कड धरली.

‘मला वाटलं ऐकू येतंय. माझ्या कानात आवाज होतो, सारखा. सेटच्या खरखरीसारखा. उजवा कान गेलाय, डावा जात आलाय. दोन वर्षं झाली. मी काटा बघून सेट देतो.’

मनिषाने त्याच्याकडे बघितलं, आणि ती बोलली ते त्याला ऐकायला डावा कान पुढे करावा लागला नाही.

‘सात माणसं आहेत नावेवर,’ ती म्हणाली. ‘एवढं सांगायला तुमची जीभ पण गेली होती?’

आनंदाने मान खाली घातली. मान खाली गेली आणि डोळ्यांसमोर सोसायटीच्या सेटचा काटा आला. पिवळ्या काचेमागे आडवा पडलेला. तो बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या मनात दुसरीच गोष्ट उघडू लागली. आवाज मेला होता. लाट मेली नव्हती. बाबूच्या सेटवरचा काटा अजून जिवंत होता, आणि बाबूने बटण दाबलं तर हा काटाही उठणार होता.

‘गुरुप्रसाद,’ तो म्हणाला, ‘तुमचं ते दाबायचं आहे ना, ते सांग.’

‘कुठलं दाबायचं?’

‘तुम्हा दोघांच्या माईकचं बटण मी दरवर्षी बदलतो. बाकी कुणाचं पाच पाच वर्षं जात नाय, तुमचंच का झिजतं, हे मला कळत नाय काय? न बोलता दाबता तुम्ही. किती वेळा दाबलं की काय?’

गुरुप्रसादने आजूबाजूला बघितलं. खोलीत बंदरावरचे निम्मे तांडेल उभे होते. वायरलेसवर ‘बांगडा मिळाला’ असं बोललं की अर्ध्या तासात दहा नावा येऊन पडतात. म्हणून बाबू आणि गुरुप्रसाद बोलतच नसत. शेवटी त्याने खालमानेने सांगितलं.

‘दोनदा दाबलं म्हणजे मासळी आहे, ये. तीनदा म्हणजे कुणीतरी येतंय, जाळं उचल आणि माघारी फिर.’

‘म्हणजे सहा वर्षं बांगडा तुमच्याच नावेखाली कसा यायचा ते आज कळलं!’ मागून एक तांडेल म्हणाला.

‘ते मग बघ रे,’ दुसरा त्याच्या अंगावर ओरडला. ‘आधी माणसं येऊ देत.’

आनंदाने स्वरूपला सांगितलं, ‘धक्क्यावरच्या सगळ्या नावांना सेट बंद करायला लाव. दुसऱ्या कुणी बटण दाबलं तर काटा खोटा उठेल.’ स्वरूप डोक्यावर प्लास्टिक घेऊन पळाला. ‘झाले बंद’ म्हणत तो परत आल्यावर आनंदा खुर्चीत बसला. माईक हातात घेतला. तीन वेळा दाबलं, सावकाश. थांबला. काट्याकडे बघितलं.

काटा आडवा.

पुन्हा तीन वेळा. थांबला. पुन्हा. बाहेर आता पाऊस आडवा येऊ लागला होता आणि धक्क्यावरच्या नावा एकमेकींना घासत होत्या. माणसं सवयीने अजून स्पीकरकडेच कान लावून होती. आनंदा एकटा बघत होता. काटा मधूनच थरथरायचा, वीज चमकल्याने असेल, आणि आनंदा काचेवर वाकायचा. बाबूने रागाने सेट बंद करून ठेवला असेल तर? बॅटरी काढली असेल तर? मुक्या सेटकडे कोण कशाला बघेल? तीन वेळा. थांब. तीन वेळा. बटणावर त्याचा अंगठा पांढरा पडला. अर्धा तास गेला, आणखी गेला. काशी कधी येऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली ते त्याला समजलं नाही.

तीन वेळा. थांब.

काटा उठला. निम्म्यापर्यंत. पडला. उठला, पडला. तिसऱ्यांदा उठला.

‘आला,’ आनंदा म्हणाला.

‘काय आला? कुठं काय ऐकू आलं?’ गुरुप्रसाद स्पीकरवर वाकला.

‘ऐकू नको. बघ.’

मनिषा पुढे झाली. तिने टेबलावर दोन्ही हात टेकले आणि काचेजवळ तोंड नेलं. आनंदाने पुन्हा तीनदा दाबलं. सगळी खोली त्या बोटभर काचेकडे बघत होती. काटा उठला. तीन वेळा. शेवटचा बराच वेळ उभा राहिला, जणू पलीकडच्या माणसाने बटण दाबून धरलं होतं आणि त्याला काहीतरी म्हणायचं होतं.

नाव सहा वाजता खाडीच्या तोंडाशी दिसली. अंधार पडायला अजून वेळ होता. सातही माणसं होती. एकाच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, दोरीने सोलला होता. निम्मं जाळं कापून समुद्रात सोडून द्यावं लागलं होतं, ओढायला वेळच नव्हता. दहा-वीस जण दोर घ्यायला पुढे धावले. आनंदा सोसायटीच्या पायरीवर उभा होता. बाबू त्याच्यासमोरून गेला. त्याने बघितलं, आणि तो पुढे गेला.

गोष्ट बंदरभर झालीच. आनंदाला वाटलं होतं त्याहून लवकर. पुढचे तीन दिवस चढण चढून एकही सेट वर आला नाही. चार्जर न्यायला आलेला माणूस चार्जर घेऊन गेला, बसला नाही. आनंदा टेबलासमोर बसून राहायचा. जेवायला काशी बोलवायला यायची, तेव्हा उठायचा. ती डॉक्टरचं नाव काढत नव्हती आणि तोही काढत नव्हता.

चौथ्या दिवशी टेबलावर सावली पडली. बाबू होता. काखेत सेट.

‘निम्मं जाळं समुद्रात हाय माझं,’ तो म्हणाला. आनंदाला ऐकू यावं म्हणून मुद्दाम मोठ्याने, शब्द तोडून.

‘ठाऊक हाय.’

‘त्या दिवशी नावेवर सेट लावला आणि मुका निघाला, तेव्हा तुला काय काय म्हणालो ते सांगू?’

‘सांग.’

‘नको. तुझी बायको आत हाय.’ बाबूने सेट टेबलावर ठेवला. या वेळी आदळला नाही. ‘बंद करून पाण्यात फेकणार होतो. पण मासळी लागली होती, हात रिकामे नव्हते. नंतर वारा फिरला, तेव्हा समोर बसून तुलाच शिव्या घालत होतो. त्या सेटच्या तोंडाकडं बघून. शिव्या घालायला बसलो नसतो, तर काटा दिसलाच नसता.’

आनंदाला हसावं की काय करावं ते कळेना. तो स्टूल पुढे ओढून म्हणाला, ‘बस.’

‘दुसरीकडं न्यायला निघालो होतो मी,’ बाबू बसत म्हणाला. ‘खालच्या वळणापर्यंत गेलोपण.’

आनंदाने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. त्याने सेट उघडला. जळलेला आयसी शोधायला भिंग लागलं नाही. पाठीवर एक तपकिरी डाग होता, फणसाच्या पानावर पडतो तसा. त्या दिवशी झाकणाची पुढची बाजूच त्याने उघडली होती. मोडीतल्या एका सेटमधून त्याने तसलाच आयसी काढला, पाय सरळ केले, एकेक पाय बसवून डाग दिला. हात नेहमीसारखे चालत होते. भोंग्याच्या पिनेचं भोक त्याने मागून चिकटपट्टीने बुजवून टाकलं. बाबू बघत होता. ‘पुढल्या वर्षी गाऱ्हाणं?’ त्याने विचारलं.

‘तोंडाने घाल. भाट्याला ऐकू नाय गेलं तरी चालतं.’

सेट चालू केला. पिवळा दिवा लागला. काटा उठला, पडला. आनंदाने सवयीने डावा कान पुढे नेला, डोळे मिटले, शूंऽऽ आली. त्याने डोळे उघडले. मग खुर्ची मागे सरकवली आणि सेट फिरवून त्याचं तोंड बाबूकडे केलं.

‘तू ऐक आणि मला सांग,’ तो म्हणाला.

बाबू सेटकडे वाकला. खाली बर्फाचं यंत्र चालू असणार, पत्रा थरथरताना आनंदाला बोटांखाली लागत होता. त्याला बाबूचा चेहरा दिसत होता, उन्हाने भाजलेला, चार दिवसांची दाढी वाढलेला, एका भुवईवर नवी खरचट. एकतीस वर्षांत त्याने सेट ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. त्याचे डोळे मिटलेले असायचे.

बाबूची भुवई वर गेली.

‘येतंय?’ आनंदाने विचारलं.

‘येतंय.’

‘कसं? खरखर कोरडी की ओली?’

‘आता ते मला काय कळतं रे! माणूस बोलतोय.’

‘काय म्हणतोय?’

बाबूने थोडा वेळ ऐकलं. मग स्टूल ओढून तो टेबलाला वळसा घालून आनंदाच्या डाव्या बाजूला येऊन बसला.

‘गुरुप्रसाद हाय,’ तो म्हणाला. ‘बर्फ कमी दिला म्हणून कुणाच्या तरी आयशीचा उद्धार करतोय. थांब, सांगतो सगळं.’